दर तीन तासांनी दूध

मानवी देहात निसर्गानं युगानुयुगांचं शहाणपण साठवून ठेवलं आहे, यावर माझी अढळ श्रद्धा आहे. ही श्रद्धा मला लेक पाच आठवड्यांची असताना, एका बाईची बोलणी खाऊन मिळाली. त्याआधी माझी श्रद्धा पुस्तकावर होती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आम्ही वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. रस्ते, दुकानं, झाडंसुद्धा नकाशाप्रमाणे. मग मूलच तेवढं बेशिस्त का असावं? बालसंगोपनाच्या एका जाड पुस्तकावरून मी तक्ता केला. दर तीन तासांनी दूध, मध्ये काही नाही. पट्टीनं रेघा मारून तो स्वयंपाकघरात चिकटवला.

"अहो, रडतेय ती."

"अजून चाळीस मिनिटं आहेत."

दर सोमवारी दवाखान्यात तिचं वजन व्हायचं; लागोपाठ दोन सोमवार ते वाढलं नाही. तिसऱ्यांदा तसंच झालं तर अंगावरचं बंद करून डब्याचं दूध द्या, असं डॉक्टर म्हणाले. बायको घरी येईपर्यंत बोलली नाही. घरी आल्यावर तर मुळीच नाही.

बाळाला न्हाऊ घालायला खाडीकाठच्या गावातून एक मावशी येत. दुसऱ्या दिवशी अंघोळ आटोपली, पोरीनं भोकाड पसरलं आणि मी घड्याळाकडे पाहिलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमी भूक लागल्यावर जेवता, का घड्याल बघून?"

खरं उत्तर 'घड्याळ बघून' असंच होतं. ऑफिसात दुपारी एक वाजता जेवणाची सुट्टी होई, आणि मला एकलाच भूक लागे.

मावशींनी बायकोच्या ब्लाऊजकडे बोट केलं. पोर रडताच तिथं दोन ओले डाग उमटले होते.

"बगा. तिचं दूध आयकतंय. तुमीच आयकत नाय."

बायकोनं पोरीला पदराखाली घेतलं. तक्ता मी स्वतःच काढला. मग आठवडाभर लेक मागेल तेव्हा प्यायली. कधी तासात दोनदा, कधी चार तास ढिम्म. मध्ये न पडणं एवढंच माझं काम, आणि तेच सर्वांत अवघड गेलं. मावशींचे आभार तेव्हा मानायचे राहिले. आज मनापासून मानतो.

सोमवारी वजन तीनशे ग्रॅम वाढलेलं निघालं. बायको रडली. मीही डोळे पुसले आणि देहाच्या शहाणपणाबद्दल डॉक्टरांना चार शब्द ऐकवू लागलो. तेवढ्यात नर्सनं भिजलेलं दुपटं बाजूला काढून पुन्हा वजन केलं. दोनशे दहा.