खांद्याला आवतन

लोहा तालुक्यातील तमाम शेतकरी बंधू-भगिनी, लातूर शहरातील समस्त शिक्षक-पालक आणि पोटापाण्यासाठी गाव सोडून कुठंकुठं गेलेली सगळी मंडळी यांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, प्रस्तुत लेखकाचा उजवा खांदा गोठला आहे. सदर खांद्यामुळे हात वर उठत नाही, पाठीमागं जात नाही आणि कुशीवर झोपू देत नाही. कृपया शोकसभा ठेवू नये. ठेवल्यास चहा असावा.

डॉक्टरांनी त्याला 'फ्रोझन शोल्डर' म्हटलं तेव्हा मला दुःखाच्या आधी आनंद झाला. मी कॉलेजात इंग्रजीचा मास्तर. या 'शोल्डर' शब्दावर मी वर्गात तास-तासभर नाटक केलेलं आहे, आणि आता त्यानंच माझ्यावर प्रयोग लावला होता.

पण मी लातूरला आलो कसा, ते आधी सांगायला पाहिजे.

लोह्याजवळच्या आमच्या गावातून मी निघालो तेव्हा माझी ट्रंक आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खांद्यावर घेतली होती. मी पदवीधर, चांगला धडधाकट, आणि त्यांच्या मागं रिकाम्या हातानं चालत होतो. दोनदा मागितली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझ्या खांद्याला वळ उठंल." आई घराच्या दारातूनच म्हणाली होती, "तिकडं जाऊन लई बोलू नको, लोक हसतेत." पुढं मी बोलण्याचाच पगार घेतला आणि लोक हसले की मला बरं वाटू लागलं, ही गोष्ट तिला कधी नीट पटली नाही. फाट्यावर कुणी विचारलं, "कुठं निघाला तुमचा धाकटा दिगू?" आबा म्हणाले, "लातूरला." असं म्हणाले की ऐकणाऱ्याला वाटावं, पुढं समुद्र लागणार आहे. गाडी आली. ट्रंक टपावर गेली. आबा खाली उभे राहून एका हातानं आपला खांदा चोळत होते आणि माझ्याकडं न बघता गाडीच्या टायरकडं बघत होते.

आता लातूर म्हणजे काही लंडन नव्हे, हे मला मान्य आहे. अहमदपूर, चाकूर करत एसटी अर्ध्या दिवसाच्या आत आणून सोडते. पण जवळच्या स्थलांतराची एक पंचाईत असते, त्याला कुणी स्थलांतर म्हणत नाही. परदेशी गेलेल्या माणसाला रडायची सोय असते. त्याला गावची आठवण आली की लोक हळहळतात, व्हिडिओ कॉल करतात. लातूरला गेलेला माणूस रडला तर म्हणतात, "मग ये की रविवारी." आणि रविवारी टेस्ट असते. गावातच राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या थोडंसंच लांब गेलेल्यांनो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

लातुरात मुलं येतात ती डॉक्टर-इंजिनिअर व्हायला. बायोलॉजीच्या सरांचे फ्लेक्स चौकाचौकांत, त्यांना बघून माणसं गाडी हळू करतात. इंग्रजीच्या सराला मुलं एकच प्रश्न विचारतात, "सर, इंग्रजीला पास व्हायला किती अभ्यास लागतो?" 'फार नाही' असं खरं उत्तर दिलं की वर्ग अर्धा रिकामा. म्हणून मी नाटकं करायला शिकलो. 'शोल्डर' शिकवायचा दिवस माझा सणाचा दिवस. आधी 'कोल्ड शोल्डर': समोरच्याकडं बघायचं नाही, ओळख दाखवायची नाही. त्यासाठी पहिल्या बाकावरच्या पोराकडं मी पाठ फिरवून उभा राहायचो. मग 'चिप ऑन द शोल्डर': जुना राग काटकीसारखा खांद्यावर घेऊन हिंडणारा माणूस. मी खडूचा तुकडा खांद्यावर ठेवून वर्गभर भांडकुदळासारखा फिरायचो. 'रब शोल्डर्स' म्हणजे मोठ्या लोकांत ऊठबस, 'ओल्ड हेड ऑन यंग शोल्डर्स' म्हणजे वयाच्या मानानं शहाणं पोर. असं पोर वर्गात एकही नाही, असं मी जाहीर करायचो तेव्हा टाळ्या पडायच्या. 'शोल्डर टु क्राय ऑन'ला मागच्या बाकांवरून हमखास शिट्टी. आणि शेवटी माझा लाडका, 'हार्ड शोल्डर': मोठ्या रस्त्याच्या कडेची ती पट्टी, जिथं बंद पडलेली गाडी मदत येईपर्यंत उभी करायची असते. मुलं म्हणायची, आपल्याकडं त्या पट्टीवर तूर वाळत घालतात. मी म्हणायचो, बरोबर, पूर्ण मार्क.

घरी मात्र हे सगळं कुणाला सांगायचं? मुलीला बेंगळुरूत नोकरी. तिच्या बाळंतपणाला म्हणून आमच्या सौभाग्यवती गेल्या त्या आजी म्हणून तिथंच कायम झाल्या. भांडण नाही, काही नाही. नातवाला माणूस लागतं. रोज फोनवर नातू मला आपला पाय दाखवतो आणि मी त्याला चष्मा दाखवतो. फोन ठेवला की तीन खोल्यांत फ्रिजचा आवाज राहतो. मी चालता चालता वर्गातला विनोद स्वतःला सांगून बघितला आहे. पडतो.

म्हणून आबांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला तेव्हा मी घाईनं म्हणालो, लातूरलाच काढू. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. आबा गावी थोरल्या भावाकडं, नामदेवकडं असतात. ऑपरेशन झालं, थेंब घालायला माणूस पाहिजे म्हणून ते माझ्याकडं राहिले. गावात सगळ्यांना वाटलं, बघा, धाकटा बापाची सेवा करतो. मीही नाही म्हटलं नाही. खरं तर आबांच्या खोकल्यानं घरात पुन्हा कुणीतरी असल्यासारखं झालं होतं. थेंब संपले तेव्हा मी डॉक्टरांना विचारून डोळ्यांना नुसता गारवा देणाऱ्या साध्या थेंबांची एक बाटली आणली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "हे पण संपवायचंय." ती संपल्यावर तिसरी.

आबा दिवसभर बाल्कनीत बसायचे. खाली रस्त्यानं क्लासची पोरं जायची, पाठीला भलीमोठी दप्तरं. एकदा म्हणाले, "दोन्ही खांद्याला वझं घिऊन पळून राहिलेत. औत कुठं हाय, ते दिसना."

संध्याकाळी जेवताना मी त्यांना दिवसाचा शब्द सांगायचो. इतका चांगला श्रोता मला उभ्या नोकरीत मिळाला नाही, कारण ते प्रत्येक शब्दावर हरकत घ्यायचे. 'कोल्ड शोल्डर' ऐकून म्हणाले, "खांदा थंडच असावा. गरम लागला की समज, जनावराला आराम पाहिजे." मी म्हटलं, आबा, हा तिरस्काराचा शब्द आहे. म्हणाले, "साहेबाला बैल ठाऊक न्हाई." 'शोल्डर टु क्राय ऑन' म्हणजे रडायला खांदा, हे ऐकून मात्र ते ताटातली भाकरी मोडत बसले.

माझ्या खांद्याचा आजार त्यांना करमणूक वाटायचा. फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दिला होता, भिंतीवर बोटं चालवत हात जमेल तितका वर न्यायचा. मी कुंथत बोटं चढवत होतो. मागून आबा म्हणाले, "भिंतीवर काय पाल चढवून राहिलास?" वर्गात मी फळ्याचा खालचा अर्धाच भाग वापरू लागलो. पोरांना वाटलं, ही नवी पद्धत आहे.

आणि पोळा आला.

आबा आठवडाभर आधीच अस्वस्थ. नामदेवकडं अजून एक बैलजोडी आहे, आणि पोळ्याला गावी नाही असं आबांचं एकही वर्ष गेलेलं नाही. आदल्या दिवशी सकाळपासून त्यांची पिशवी भरून दाराशी. नामदेवचे दोन फोन आले, तरी ते त्या दिवशी निघाले नाहीत. का, ते मला आधी कळलं नाही. मी वर्गावरून येईपर्यंत थांबले, मग म्हणाले, "उद्या पहाटंच्या गाडीनं जातो. आन आता तिकडंच ऱ्हातो. डोळं झालं बरं." थेंबांची तिसरी बाटली मी टेबलावर ठेवली होती. त्यांनी ती झाकण लावून माझ्याकडं सरकवली. मी म्हटलं, "बरं." वर एक विनोदही केला. आबा हसले.

मग मी शर्ट काढायला गेलो आणि हात बाहीत अडकला. ना आत, ना बाहेर. आबा बघत राहिले. "खाली बस," म्हणाले. शर्ट त्यांनीच ओढून काढला, स्वयंपाकघरात गेले, डबे वाजवले आणि वाटीत तूप-हळद घेऊन आले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदमळण असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसलं तो खांदा तुपानं-हळदीनं मळायचा, आणि मळून झाला की बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आवतन म्हणजे निमंत्रण. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आधी बैलाला, मग घराला. त्या संध्याकाळी गावात हे प्रत्येक गोठ्यात चाललेलं असतं. आबांच्या हाताला त्या दिवशी गोठा नव्हता. खांदा एकच होता, माझा.

बोटं जुनी, खरखरीत, पण जोर मोजका. मी कळवळलो की ते बैलाला करतात तसा जिभेचा आवाज काढायचे. तूप छातीवरून ओघळत होतं. शेवटी खांद्यावर दोनदा थोपटून ते सवयीनं, माझ्याकडं न बघताच, म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

आणि थांबले. काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

माझ्यातला वात्रट मास्तर जागा झाला. म्हटलं, "आबा, आवतन दिलंत. मी घेतलं. आता उद्या जेवायचं कुठं? यजमान तर पहाटंच्या गाडीनं निघाले."

मला वाटलं होतं ते हसतील आणि मग राहतील. निदान उद्याचा दिवस. पण आवतन ही आबांच्या लेखी थट्टेची गोष्ट नाही. देऊन फिरवलेलं आवतन त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही. हळदीचे हात पुढं धरून ते बराच वेळ विचार करत उभे राहिले. मग म्हणाले, "मग तू गावाकडं ये. बैलं बी जेवतील, तू बी जेव."

रात्रीच कॉलेजच्या प्राचार्यांना फोन करून रजा मागितली. प्राचार्य म्हणाले, इंग्रजीला काही अडचण नाही. आम्ही गाडी धरली. खांद्याला काही गुण आला नव्हता, शर्ट तेवढा पिवळा झाला होता. अहमदपूरला चढलेली एक बाई पुढचा सगळा प्रवास माझ्याकडं बघत होती, बहुधा माझं लग्न ठरलं आहे असं समजून.

गावात संध्याकाळी बैल वाजतगाजत दारी आले. वहिनीनं, म्हणजे नामदेवच्या बायकोनं, त्यांना ओवाळलं, पुरणपोळी तोंडात दिली. मी ओट्यावरून बघत होतो. हे बैल काही पाहुणे नाहीत. याच घरचे, इथंच बांधलेले. तरी वर्षातून एकदा त्यांना आदल्या दिवशी विचारतात, या म्हणतात, आणि ते जेवेपर्यंत घर थांबतं. मला वाटलं, घर म्हणजे एवढंच असावं, आपण जेवलो की नाही यासाठी कुणीतरी थांबलेलं असणं. गावात माझ्यासाठी आता असं कुणी थांबत नाही. त्यांची चूक नाही, मी रोज कुठं असतो तिथं? आणि लातुरात दोन-अडीच महिने एक म्हातारा माणूस ताटावर थांबत होता, वर्गावरून मला कितीही उशीर झाला तरी. कालची गाडीही त्यानं त्यासाठीच सोडली होती.

मग आम्ही जेवायला बसलो. आबा मध्ये, एका बाजूला नामदेव, एका बाजूला मी. मी रंगात आलो होतो. प्राचार्यांची नक्कल केली, एसटीतल्या बाईची केली, भिंतीवरच्या पालीची गोष्ट सांगितली. वहिनी हसून हसून पोळ्या वाढत होती.

नामदेव म्हणाला, "आबा, मग परत कधी जायचं लातूरला?"

"आता काय करायचं जाऊन," आबा म्हणाले. "डोळं बरं झालं. दिगूचं तिथं झ्याक चाललंय. हसून-बोलून असतोय. त्याला आपली काय गरज हाय?"

"हाव," नामदेव म्हणाला. "ह्याला कुठंबी टाका, गप्पा मारून ऱ्हातोय."

वहिनीनं माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. कितवी, ते मी मोजलं नव्हतं. तिनं मोजलं असावं. "भावजी," ती म्हणाली, "लातुरात जेवू घालत न्हाईत का काय तुमाला? असं खाऊन राहिले, जसं पावसाळाभर उपाशी."

सगळे हसले. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं होतं, नामदेवला ठसका लागला असता. मी तोंड उघडलं, आबांकडं पाहिलं, आणि भलतंच बाहेर पडलं.

"आबा, मला एकट्याला जेवण जात नाही."