किल्ली हातात असताना

आमच्या कुत्र्याला हाकेसरशी यायला शिकवायचं ठरवलं तेव्हा घरी मी कारण सांगितलं उत्तरायणाचं, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचं. छाणीच्या आमच्या सोसायटीत त्या दिवसांत रस्ताभर मांजा पडलेला असतो, जनावरांच्या पायांत अडकतो. कारण खोटं नव्हतं. पण तो घरात सगळ्यांच्या हाकेला यायचा, फक्त माझ्या नाही, आणि हे कुणाच्या तरी लक्षात येईल याची मला धास्ती होती.

झालं होतं ते असं. पावसाळा संपता संपता त्याच्या भुंकण्याची सोसायटीत तक्रार झाली. चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं, त्याचा राग मी घरी आणला. बायको आणि मुलगी सकाळीच बाहेर गेल्या होत्या. दुपारी मी त्याला गोड आवाजात म्हटलं, "ये." तो आला, आणि नेहमीसारखा स्कूटरवर पुढे, माझ्या पायांमध्ये उभा राहिला. गोरव्याला आमच्या कारखान्यामागे बंद पडलेल्या शेड होत्या. तिथे नेऊन त्याच्यापुढे बिस्किटं टाकली आणि तो खात असताना निघून आलो. आरशात पाहिलं नाही.

संध्याकाळी शोधाशोध सुरू झाली. मी मुलीला म्हणालो, "सकाळी फाटकाची कडी नीट लावली नव्हतीस का?"

ती पाचवीत होती. आधी म्हणाली, लावली होती. मग म्हणाली, बहुतेक लावली होती. मग रडायला लागली.

आठवड्याभरानं तो आपला आपण परत आला. हाडं दिसत होती, एक कान फाटला होता. घरात शिरा झाला. मी दोनदा घेतला. मुलगी मात्र तेव्हापासून कडी लावून पुढे गेली की परत यायची आणि कडी ओढून बघायची.

कुत्रा पाळणाऱ्या एका सहकाऱ्याला मी रीत विचारली. लांब दोरी बांधायची, हाक एकदाच मारायची, आला की लगेच खायला द्यायचं, धरून ठेवायचं नाही, पुन्हा मोकळं सोडायचं. "आणि जुनी हाक बिघडली असेल तर ती टाका. नवी घ्या," तो म्हणाला. बिघडली असेल म्हणजे? ह्याला काय कळलंय, असं मला वाटून गेलं. नवी हाक मी घेऊ शकत नव्हतो. बायकोनं विचारलं असतं, "ये" मध्ये काय वाईट होतं?

रोज सकाळी मी तूप लावलेल्या भाखरीचे तुकडे खिशात घेऊन फाटकापाशी उभा राहायचो. तो चार पावलं यायचा आणि थांबायचा. समोरच्या घराच्या ओट्यावर हिंचक्यावर झोके घेत बसलेल्या शेजारीण बेन मजा बघायच्या.

"केम भाई, आजे पण ना आव्यो? कुतरो तमारोज छे ने?"

कुत्रा तुमचाच ना, या प्रश्नावर मी हसलो. आणि कामावर दिवसभर तेच डोक्यात. त्या दुपारी ह्या हिंचक्यावर होत्या का? कुत्र्याला स्कूटरवर घेऊन जाताना पाहिलं असेल, तर अजून बोलल्या कशा नाहीत?

हळूहळू तो येऊ लागला. मी बायकोला मुद्दाम बाहेर बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "येतो हो. पण तुमच्याकडे बघत नाही. तुमच्या हातांकडे बघत येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चहा निवतोय."

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढत होतो. तेवढ्यात कोपऱ्यावर तो लंगडताना दिसला. मागच्या पायाला मांजाचं गुंतवळ, आणि तो ओढेल तसा दोरा आत रुतत होता. मुलगी धावायला निघाली, मी तिला थांबवलं. मागे धावलं की तो पळतो. मी हाक मारली, "ये." तो वळला, पाहिलं, आणि मागे सरकला.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, किल्ली ठेवा."

"काय?"

"तुमच्या हातात स्कूटरची किल्ली असली की तो येत नाही. मी कधीचं बघतेय."

मी किल्ली कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली, मोकळे हात पुढे केले आणि पुन्हा हाक मारली. तो आला. तिनं त्याला धरलं, मी दोरा कापला. खाली बसलेलाच होतो, तसाच तिला म्हणालो की तो पळाला नव्हता, मी त्याला सोडून आलो होतो.

तिनं त्याच्या पायात राहिलेले दोऱ्याचे तुकडे एकेक करून काढले.

"म्हणजे मी कडी लावली होती."

"हो."

"आईला सांगणार?"

"सांगतो."

सांगितलं नाही. तिनंही सांगितलं नाही. कुत्रा म्हातारा होऊन गेला. मुलगी आता सासरी प्रतापनगरला असते, रविवारी येते. ती निघाली की बायको आतून अजून ओरडते, "कडी लाव गं नीट, तुझा काही भरवसा नाही." सगळे हसतात. मुलगी "हो आई" म्हणते आणि क्षणभर माझ्याकडे बघते. गेल्या रविवारी तिनं बघितलंही नाही.

बायकोला सगळं ठाऊक असावं, असा मला संशय आहे. पण संशयाच्या आड किती वर्षं बसायचं? मी लिहिलेलं पहिल्यांदा तीच वाचते, हेही वाचेल. तेव्हा हे तिच्यासाठी: त्या दिवशी कडी लागलेली होती. ती आपल्या मुलीनं नीट लावली होती.