करपल्या दुधाचा वास

दूध करपल्याचा वास आला की मी गॅसकडे धावत नाही, आधी जमिनीवर बसते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी रिह्याच्या खोऱ्यात आमची भातलावणी चालली होती. मोठी जाऊ आणि मी शेजारी शेजारी ओणव्या होतो, पाणी घोट्यापर्यंत, कंबर मोडून आलेली. एकाएकी तो वास नाकात भरला. "अक्का, दूध करपतंय का कुटं?" मी विचारलं. "हितं चिखलात कुटलं दूध? बसायला निमित्त पायजेल तुला," ती हसली. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा बांधावर होते, नाकाशी कुणाची तरी चप्पल धरलेली, आणि जाऊ रडत रडत माझ्या तोंडातला चिखल बोटानं काढत होती. फेफरं येऊन मी पाण्यात पालथी पडले होते; तो वास म्हणजे फेफऱ्याची आगाऊ वर्दी. त्या दिवसापासून ती त्या वासाला कधी हसली नाही. मी वासाचं नाव काढलं की आधी आपण हुंगायची, "न्हाई गं, कायबी करपत न्हाई," म्हणायची आणि हातातलं टाकून मला कुशीवर निजवायची. आज पातेलं काळंठिक्कर पडलं. सून बाहेरून येऊन म्हणाली, "आत्याबाई, वास आला नाही का?" आला होता की. पण तो पातेल्यातला की माझ्या डोक्यातला, हे सांगणारी आता कोणी नाही.