पोरीची झडती

महाळुंग्याच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत तनुजा वाळुंज नऊ वर्षं लेडीज गार्ड होती. शिफ्ट सुटली की दीडशे बायका एकेक करून तिच्यासमोर यायच्या. पर्स टेबलावर, डबा उघडा, हात वर. तनुजाचा उलटा पंजा कॉलरवरून निघायचा, काखेतून कमरेला यायचा आणि घोट्याशी थांबायचा. तेवढ्यात तिला कळायचं. कसं कळायचं ते मात्र तिला सांगता यायचं नाही. जी रिकामा डबा जड असल्यासारखा धरते, जी विचारायच्या आधीच बोलायला लागते, जी कधी नव्हे ती आज हसते, तिच्याकडं काहीतरी असतं, एवढं तिनं हेरून ठेवलं होतं. एकदा तिनं चपातीच्या घडीतून तांब्याची तार काढली होती. तेव्हापासून सुपरवायझर म्हणायचा, "वाळुंज मॅडमच्या हातून मुंगी सुटायची नाही."

ही नजर कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवून घरी येता येत नाही. आकुर्डीच्या दोन खोल्यांत ती तनुजाबरोबरच नांदायची. नवरा शेखर हिंजवडीच्या आयटीवाल्यांना कॅबमधून ने-आण करायचा. तो घरात आला की तनुजा आधी त्याचा शर्ट हुंगायची, मग चहा टाकायची. दूध पातळ का, शेजारीण आज गोड का बोलली, सगळ्यात तिला पाणी मुरताना दिसायचं. सासू शालनबाई माणच्या जुन्या घरातल्या, तोंडाच्या फटकळ. त्या म्हणायच्या, "तुला देव जरी भेटला ना, तरी आधी त्येला हात वर कर म्हनशील."

एकुलती एक मुलगी प्राजक्ता यंदा दहावीला होती. पोरीसाठी तनुजानं काय केलं नाही? परीक्षेच्या दिवसांत सकाळी घरी राहता यावं म्हणून तिनं करिष्मा नावाच्या गार्डशी शिफ्ट बदलून घेतली. टीव्हीची वायर काढून कपाटावर टाकली. भिजवलेले बदाम सोलून हातावर ठेवले. पोरीला वांगं आवडत नाही म्हणून महिनाभर घरात वांगं आणलं नाही. पण हे सगळं करताना तिचा एक डोळा कायम पोरीच्या दप्तरावर असायचा. अभ्यासिकेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की, "कुठं होतीस?" पूर्वपरीक्षेत गणिताला चांगले मार्क पडले तेव्हा, "शेजारी कोण बसलं होतं?" प्राजक्ता आधी भांडायची. जानेवारीपासून तिनं भांडणं सोडलं आणि तनुजाला त्याचीच जास्त धास्ती वाटायला लागली. गेटवरही भांडणाऱ्या बाईकडं काही सापडत नाही. एरवी भांडणारी गप्प झाली की मात्र सापडतं.

भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी प्राजक्ता अंघोळीला गेली होती. तनुजानं कंपासपेटी उघडली. पेन्सिलीला टोक आहे का बघावं, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. पेन्सिलीला टोक होतं. पण पेटीच्या तळाशी स्पंजचा तुकडा चिकटवलेला होता आणि त्याचा एक कोपरा सुटा होता. तिनं नखानं तो उचलला. खाली बोटभर रुंदीची कागदाची पट्टी होती, पंख्यासारखी घडी घातलेली. मुंगीएवढ्या अक्षरात प्रमेयं, त्रिकोणमितीची सूत्रं. अक्षर प्राजक्ताचंच.

तनुजानं अक्षर पुन्हा एकदा नीट बघितलं. त्याच क्षणी आत कुठंतरी एक जुनी, ओळखीची गोष्ट जागी झाली. सापडलं. तिनं पट्टी होती तशी ठेवली आणि स्पंज दाबून बसवला.

ती तेव्हाच का बोलली नाही? पुढं तिनं हे स्वतःला कितीदा विचारलं. गेटवरचा नियम असा होता की माल आत असताना कुणाला धरायचं नाही. धरलं तर बाई म्हणते, "मी परत ठेवणारच होते." माल अंगावर घेऊन गेटच्या लोखंडी पट्टीवर पाऊल पडलं की मगच धरायचं. शिवाय तिच्यातल्या आईलाही वाटत होतं की उद्यापर्यंत पोर स्वतःहून ती फेकून देईल. दोन्ही कारणं खरी होती. त्यातलं कुठलं मोठं, ते तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला प्राजक्ता रोजच्यासारखी सादिकाकडं गेली. सादिका तिची बालवाडीपासूनची मैत्रीण, दोन गल्ल्या पलीकडं राहायची. तिची आई शहाजादी घरीच फॉल-पिको करायची, ब्लाऊज शिवायची. रोजे चालू होते, ते घर पहाटेपासून जागं असायचं, म्हणून पोरी तिथं उजळणी करायच्या. प्राजक्ता साडेआठला परतली ती लाल डोळ्यांनी. चहाला नको म्हणाली. कंपासपेटी छातीशी धरून बसली.

"रडलीस का?"

"नाही. झोप झाली नाही."

खोटं बोलती आहे, तनुजानं मनात नोंद केली. पेटी कशी घट्ट धरली आहे तेही बघितलं.

केंद्र पायी वीस मिनिटांवर होतं. वाटेत प्राजक्ता एक शब्द बोलली नाही. शाळेच्या फाटकाबाहेर पालकांची ही गर्दी, कुणी पोराच्या कपाळाला अंगारा लावतंय, कुणी पाण्याची बाटली कोंबतंय. फाटकाशी एक महिला पोलीस उभी होती. सादिका अजून आली नव्हती. प्राजक्ता वळून म्हणाली, "जाते." आणि तिचं पाऊल फाटकाच्या लोखंडी पट्टीवर पडलं.

"थांब," तनुजा म्हणाली. "पेटी दे."

प्राजक्तानं तिच्याकडं बघितलं. पेटी दिली. तनुजानं झाकण उघडलं, सगळ्यांसमोर स्पंज उचकटला. खाली काही नव्हतं. डिंकाचा पिवळा डाग तेवढा होता.

इथं एखादी दुसरी आई थांबली असती. तनुजा नऊ वर्षांत कधी पहिल्या जागेवर थांबली नव्हती. जिथं ठेवलं होतं तिथं नाही, म्हणजे जागा बदलली.

"हात वर कर."

"आई."

"वर कर म्हणते ना."

आजूबाजूच्या आया वळून बघायला लागल्या. प्राजक्तानं दप्तर खाली ठेवलं आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरले, पाय किंचित फाकवले. तनुजाला एवढं सांगावंही लागलं नाही. गेल्या वर्षी कंपनीच्या फॅमिली डेला पोरीनं आईचं काम उभं राहून बघितलं होतं, ते तिच्या ध्यानात राहिलं होतं. तनुजाचा उलटा पंजा कॉलरवरून निघाला, काखेतून कमरेला आला, मोज्यांच्या आत गेला. काही नाही. केसांच्या रिबिनीत काही नाही. हॉल तिकिटाच्या मागं काही नाही.

"अहो ताई, ते काम आमचं हाय," महिला पोलीस म्हणाली. "जाऊ द्या तिला."

पलीकडं कुणीतरी मोबाईल उंच धरला होता. दोन पोरी तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. प्राजक्तानं हात खाली घेतले.

"झालं? जाऊ?"

कंपनीतल्या बायका अगदी असंच विचारायच्या. तनुजानं मान हलवली. पोर आत गेली, मागं न बघता.

पेपर सुटेपर्यंत तनुजा रसवंतीच्या शेडखाली उभी राहिली. इतर आया तिच्यापासून जरा लांबच घोळका करून होत्या. पोरगी निर्दोष होती म्हणून तिला हलकं वाटायला हवं होतं. पण डोक्यात एकच चाललं होतं, मग पट्टी गेली कुठं? पट्टी तर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. आणि मग तिला आठवलं की सकाळी सहा ते साडेआठ पोर कुठं होती. सादिका! दोघींचे नंबर एकाच वर्गात आले होते, पुढंमागं. फाटकाशी सादिका धावतपळत शेवटच्या मिनिटाला आत शिरली होती. तिची झडती कुणी घेतली होती?

पेपर कसा गेला ते प्राजक्तानं सांगितलं नाही. घरी आल्यावर तिनं दप्तर पलंगावर उलटं केलं. वह्या, पेटी, बाटली, रुमाल, सगळं मांडलं. खिशांची अस्तरं बाहेर काढली. मग आईकडं बघत उभी राहिली.

"हे काय चाललंय?" तनुजा म्हणाली.

"तपास ना. तुझा वेळ वाचेल."

शालनबाई दाराआडून बघत होत्या. त्यांच्या कानावर गल्लीतून सगळं आलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीला चारचौघांत नागवी केलीस, तनुजा. ह्ये काय बरं न्हाई केलंस."

पुढच्या प्रत्येक पेपरला हेच झालं. जाताना आणि आल्यावर दप्तर पलंगावर उलटं व्हायचं. तनुजा "नको" म्हणाली, रागावली, एकदा हातातून दप्तर ओढून घेतलं. प्राजक्तानं ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर "नको" म्हणताना तनुजाचे डोळे पसरलेल्या वस्तूंवरून फिरायचेच. ते प्राजक्ताला दिसायचं.

भूगोलाचा शेवटचा पेपर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजा एक साडी घेऊन शहाजादीकडं गेली. साडीला फॉल होताच. शहाजादीनं काठ बोटांनी चाचपला आणि साडी मांडीवर ठेवली.

"बसा तनुजाताई. फॉलसाठी तर तुम्ही आला नाहीत."

"भाभी, स्पष्टच विचारते. भूमितीच्या दिवशी सादिकाकडं काही होतं का?"

"काही म्हणजे?"

"चिठ्ठी. माझ्या पोरीच्या पेटीत होती ती सकाळी गायब झाली. ती तुमच्याच घरी आली होती."

शहाजादीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.  मग ती उठली, दार लोटलं आणि तनुजापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तिचा स्वतःचा रोजा होता.

"मी जबान दिली होती तुमच्या पोरीला," ती म्हणाली. "पण तुम्ही माझ्या पोरीवर बोट ठेवलंत, म्हणून मोडते. चिठ्ठ्या दोन होत्या. एक सादिकाची, एक प्राजक्ताची. त्या दिवशी सकाळी सादिकाच्या ओढणीतून पडली, मला घावली. मी दोघींना समोर बसवलं. मारलं नाही, ओरडले पण नाही. म्हटलं, घेऊन जायची तर घेऊन जा, मी काय तुमच्याबरोबर वर्गात येणार नाही. फक्त ही चिठ्ठी मला पाठ म्हणून दाखवा. दोघींनी म्हटली, न अडखळता. मग मी म्हटलं, येतंय तर हे कशाला? प्राजक्ता रडायला लागली. तिनंच पहिल्यांदा पेटी उघडली आणि तिची चिठ्ठी गॅसवर धरली. मग सादिकानंही तिची जाळली. मी सांगितलं नव्हतं."

तनुजानं तांब्याला हात लावला नाही.

"येत होतं तर लिहिली कशाला?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाली, नापास झाले तर आई म्हणेल अभ्यास केला नाही. पास झाले तर म्हणेल कुणाचं बघितलंस. मग बघितलेलंच बरं."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तनुजानं साडीची घडी उगीचच पुन्हा घातली.

"मला का नाही सांगितलंत तेव्हाच?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत, ताई?"

तनुजाला उत्तर माहीत होतं. ती साडी घेऊन उठली. निघताना शहाजादी म्हणाली, "तिला कळू देऊ नका की मी बोलले. एका ठिकाणी तरी तिचा भरवसा राहू दे."

त्या दुपारी कंपनीच्या गेटवर चिमाबाई नावाची हेल्पर हात पसरून उभी राहिली. तनुजाचा पंजा कमरेशी आला आणि तिचं लक्ष वर गेलं. चिमाबाई तिच्या डोक्यावरून लांब कुठंतरी बघत होती, दातांवर दात दाबून. नऊ वर्षांत तनुजानं हजारो वेळा या बाईचं अंग चाचपलं होतं. चेहरा आज बघितला. तिनं झडती पूर्ण केली, कारण काम ते काम. पण हात जड झाला होता.

मे महिन्यात निकाल लागला. प्राजक्ताला एक्क्याऐंशी टक्के, गणितात त्र्याहत्तर. शेखरनं पेढे आणले, माणहून दीर-जावा आल्या. भरल्या घरात शालनबाईंनी नातीची दृष्ट काढली आणि सुनेकडं वळल्या.

"आता तरी सांग. त्या दिशी फाटकावर पोरीची झडती घेतलीस, काय घावलं गं तुला?"

 प्राजक्ता पेढ्याचा बॉक्स हातात धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. तनुजाला तो दिसला. पट्टीचा कागद, अक्षर, स्पंजचा सुटा कोपरा, सगळं तिच्या जिभेवर होतं. आपण विनाकारण संशय घेतला नव्हता एवढं तरी सगळ्यांसमोर सांगता आलं असतं.

"काही नाही," ती म्हणाली. "काही नव्हतंच. माझं चुकलं."

शेखर तिच्याकडं बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं.

पाहुणे पांगल्यावर प्राजक्ता ओट्याशी आली. आई भांडी विसळत होती.

"आई, तुला कुणी काही सांगितलं का?"

"कशाबद्दल?"

"असंच."

"नाही बाई. कोण काय सांगणार?"

प्राजक्ता हलली नाही. ती आईच्या हातांकडं बघत होती, मग मानेकडं, मग डोळ्यांकडं. ही नजर तनुजाच्या चांगलीच ओळखीची होती, फक्त आजवर ती तिच्यावर कुणी रोखली नव्हती. तनुजानं चेहरा सरळ ठेवला आणि एकच ताट पुन्हा पुन्हा विसळलं.

"सादिकाकडं पेढे द्यायचेत," प्राजक्ता म्हणाली. "तू जाऊ नकोस. मी जाते."

ती गेली. शहाजादीनं तोंड उघडलं तर? पोरीनं आडून विचारलं, गोड बोलून काढून घेतलं तर? ज्या बाईच्या पोरीवर आपण आळ घ्यायला गेलो होतो, त्या बाईच्याच मुकेपणावर आता सगळं टांगलेलं होतं, आणि तिथं जाऊन काही तपासता येणार नव्हतं. तनुजा खिडकीशी उभी राहिली.

तासाभरानं प्राजक्ता परतली. चपला काढल्या, पाणी प्यायली.

"सादिकाला ब्याऐंशी आहेत. आम्ही दोघी इथल्याच कॉलेजला फॉर्म भरतोय, कॉमर्सला. चालेल?"

"चालेल."

"उद्या कॉलेज बघायला जाणार आहोत."

"मी येऊ?"

प्राजक्तानं जरा विचार केला.

"सादिकाची मम्मी पण येतीये. ये."

शहाजादी बोलल्याचं तिला कळलं होतं की नव्हतं, ते तनुजाला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.