फळ्यावरची चांगुणा

नूतनबाई त्या बैठकीला गेल्या त्या फक्त आपलं नाव यादीत आहे का ते बघायला. घरी अर्थातच तसं सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, श्यामकांतरावांना, "कॉलेजच्या मेळाव्याची मीटिंग आहे, चहापाणी असतं," एवढंच सांगून त्या अंबरनाथहून रिक्षानं निघाल्या आणि उल्हासनगरला आपल्या जुन्या कॉलेजच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या. शेहेचाळिसाव्या वर्षी बाकात शिरणं सोपं नसतं. गुडघे आडवे येतात, आणि हेच गुडघे एके काळी काय काय करत होते हे आठवायला बाकडं तयार नसतं.

फळ्यापाशी राजेंद्र आणि कमलेश भांडत होते. दोघंही नूतनबाईंच्या नंतर चार-पाच वर्षांनी कॉलेजात आलेले. राजेंद्र आता सरकारी कचेरीत साहेब, कमलेशचं फर्निचरचं दुकान. कॉलेजचे आजवरचे सगळ्यांत मोठे अष्टपैलू खेळाडू कोण, त्यांचे दहा नंबर मेळाव्यात जाहीर करायचे आणि पहिल्याच्या नावानं दरसाल एक ढाल द्यायची, असं ठरलं होतं. ठरवायला काय लागतं? नंबर लावायला बसले तेव्हा घाम फुटला.

"चार खेळ खेळला म्हणजे मोठा झाला काय?" कमलेश म्हणत होता. "एकच खेळला, पण राज्याच्या टीममध्ये गेला, त्याचं काय?"

"तो मोठाच. पण अष्टपैलू कुठून? एकपैलू."

"और क्रिकेट? क्रिकेट आणि खो-खो तू सेम धरणार?"

"सेम कसं धरीन? खो-खोत पळावं लागतं."

बाकांवरची चार माणसं हसली. नूतनबाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे फळ्याला चिकटले होते. नववा नंबर: नूतन. ठीक. यादीत होत्या म्हणायचं. दुसरा नंबर: माया. आणि सगळ्यांच्या वर, राजेंद्रच्या वळणदार अक्षरात: कै. चांगुणा.

चांगुणा म्हणजे त्याच.

मांजर्लीच्या बुधाजी आणि बनूबाईंची पोर चांगुणा. कॉलेजची पहिली दोन वर्षं कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, भालाफेक, जे समोर येईल ते ती खेळली आणि जिंकली. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिचं लग्न झालं. सासरी बघतात तर चुलत सासूचं नावही चांगुणाच. एका घरात दोन चांगुणा कशा चालतील? सुनेवर ओरडायचं तर म्हातारी रुसून बसायची. म्हणून ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'नूतन' लिहिलं, सगळ्यांनी पेढा खाल्ला, संपलं. मुलीला विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर मुलीच्याही आलं नाही. तिसऱ्या वर्षी ती नूतन म्हणून खेळली. नाव नवं, बापाच्या जागी नवऱ्याचं नाव, आडनावही दुसरं. कॉलेजचे जुने अंक चाळून यादी करणाऱ्या या मंडळींना एका बाईच्या दोन बायका सापडल्या, तर त्यात त्यांचा तरी काय दोष?

दोन बायका समजण्यासारख्या होत्या. पण कैलासवासी?

"या चांगुणाबाई..." त्यांनी विचारलं. "कधी गेल्या?"

"पुरात, ताई," राजेंद्र हळहळून म्हणाला. "दोन वर्षांपूर्वीच्या त्या जुलैत. मी स्वतः मांजर्लीत जाऊन आलो. घर पार गेलंय. शेजारी म्हणाले, त्या घरातलं आता कुणी राहिलं नाही."

शेजारी खोटं बोलले नव्हते. बुधाजी आधीच गेले होते. बनूबाई पाण्यातून वाचली आणि पुढे तापानं गेली. लग्न होऊन गेलेली मुलगी त्या घरातली कोण धरतो?

बनूबाई होती तोवर दिवाळीला, भाऊबीजेला ती दारातूनच हाक मारायची, "चांगुणे, ए चांगुणे." ती हाक मारणारं एवढं एकच तोंड उरलं होतं. आता तेही नव्हतं. राहता राहिला हा फळा, आणि फळ्यानं तिला मारून टाकलं होतं.

बोलावं तर काय बोलायचं? 'पहिला नंबर माझा' असं स्वतःच्या तोंडानं? लोक म्हणतील, बाईला ढालीची हाव सुटली, मेलेल्या मुलीचं नाव ढापते. न बोलावं, तर उद्या पत्रिका छापायला जाणार. 'कै. चांगुणा स्मृती ढाल'. ती पत्रिका घरी येणार, टीव्हीवर ठेवली जाणार, आणि चुलत सासू, जी अजून चांगली धडधाकट आहे, ती आपल्याच नावामागचं 'कै.' वाचून घर डोक्यावर घेणार. या विचारानं त्यांना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तेवढ्यात माया आली. उशिरा आणि धापा टाकत. ती पूर्वीही सरावाला अशीच यायची. चांगुणाच्या संघातली, तिन्ही वर्षांची जोडीदारीण. या खोलीत खरं माहीत असलेलं दुसरं माणूस. मायानं फळा वाचला. वरपासून खालपर्यंत. मग मागं वळून नूतनबाईंकडे पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता पुढच्या बाकावर जाऊन बसली.

नूतनबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. ही बोलत का नाही? चांगुणा मेलेलीच राहिली तर... तर काय? दुसरा नंबर हिचा आहे.

"मी काय म्हणतो," कमलेश म्हणाला, "जो नाही त्याला शाल कशी देणार? पहिला नंबर जिंदा माणसाला द्या. मायाताईंना. चांगुणाबाईंचा फोटो लावू, हार घालू. झालं."

"हे बरं आहे," कुणीतरी म्हणालं.

माया गप्पच. राजेंद्रनं डस्टर उचललं.

"थांबा," नूतनबाई म्हणाल्या. बाकातून उठताना गुडघा आपटला, पण उठल्या. "चांगुणा मेलेली नाही. ती मीच. लग्नात नाव बदललं."

राजेंद्र अवघडून म्हणाला, "ताई, वाईट मानू नका, पण पुरावा काही..."

"मी आहे की," माया न वळता म्हणाली. "तिन्ही वर्षं हिच्या शेजारी खेळले."

"मग आल्या आल्या बोलली का नाहीस, भवाने?" नूतनबाईंचा आवाज चिरकला.

"मी कशाला बोलू? तू मेलीस म्हणून पहिली, मी जिवंत म्हणून दुसरी. म्हटलं, बघू तरी, बया किती वेळ मेलेली राहते."

आता सगळेच हसले. पण हसू ओसरलं तसा कमलेश पुन्हा फळ्याकडे वळला. "भाभी, आप हो, बहुत अच्छा. पण मग हिशेब नीट करू. व्हॉलीबॉलमध्ये तुम्ही राखीव होतात ना?"

"आणि कबड्डी, खो-खो एकाच ग्राउंडवर, एकाच सीझनला," दुसरा म्हणाला. "ते दोन धरायचे की दीड?"

"लग्नानंतरचं वर्ष मोजायचं का? नाव वेगळं, रेकॉर्ड वेगळं."

"पुरुषांचं कुणी विचारलं होतं का असं?" माया म्हणाली, पण तिच्याकडे कोण लक्ष देतो.

मेलेल्या चांगुणेला या लोकांनी डोळे मिटून पहिला नंबर दिला होता. जिवंत चांगुणेशी घासाघीस सुरू झाली. बघता बघता ती दुसरी झाली, मग तिसऱ्या नंबरावर टाकायचं का यावर वाद लागला. नूतनबाईंना ते कळत होतं. घरी जाऊन हे सगळं श्यामकांतरावांना सांगायचं आहे, चुलत सासूसमोर ते नाव मोठ्यानं उच्चारायचं आहे, हेही कळत होतं.

त्या बाकांमधून पुढे गेल्या. राजेंद्रच्या हातातलं डस्टर त्यांनी घेतलं.

"नंबराचं तुम्ही काय ते भांडून घ्या," त्या म्हणाल्या, आणि चांगुणाच्या आधीचं 'कै.' पुसून टाकलं.