चित्रातल्या चौकातलं ऊन
गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालून आम्ही दोघं खाली आलो आणि चहा घेऊन भिंतीवरच्या चित्रासमोर बसलो. तसं रोजच बसायचो. ते शेवटचं निघालं.

चित्र मी जुन्या बाजारातून आणलेलं. फ्रेम चांगली होती म्हणून. आत देव बसवायचा होता, पण हिनं बसवू दिला नाही. कुणा गोऱ्या साहेबानं काढलेला, अरबांच्या कुठल्याशा शहरातला चौक. पांढऱ्या भिंती, एक घुमट, बसलेला उंट आणि ऊन. शेजारचे मास्तर म्हणायचे, "साहेब तिकडं जाऊन आला असेल, पण माणसं त्यानं आपल्या मनाची घातलीत. सगळी आळशी." असेल. मी चौथी शिकलेला. पण ऊन खरं होतं. त्या भिंतींकडं बघितलं की डोळे बारीक व्हायचे. सावलीसुद्धा काळी नाही, निळसर.

हिचा साहेबावर वेगळाच राग.

"अहो, एवढं ऊन सांडलंय आणि एका बाईनं वाळवण घातलेलं नाही. असा कुठं चौक असतो?"

"उंट खाईल ना."

"मग राखायला बसवायचं एखाद्याला. बसलेत की एवढे रिकामे, तुमच्यासारखे."

संध्याकाळी पापड्या सोडवून परातीत आणल्या. एक मोडून बघत ही म्हणाली, "आतून ओल्या आहेत. उद्या अजून एक ऊन लागेल." मग छातीत कळ आली म्हणून आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन मान हलवून गेला. त्याच रात्री सगळं उरकलं.

सकाळी घर माणसांनी भरलं. मला एका जागी बसवेना. चित्राकडं बघावं तर तिथलं ऊन कालच्यासारखंच. त्याला कसलं सुतक! तेवढ्यात माझ्या बहिणीनं कोपऱ्यातली परात उचलली.

"दादा, सुतकातलं वाळवण ठेवत नाहीत. टाकून येते."

"ठेव खाली."

"अरे, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तिनं घातल्यात. ऊन नाही दाखवलं तर बुरशी धरेल."

परात आणि माझं जुनं धोतर घेऊन गच्चीवर गेलो. धोतर पसरलं, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, एकेक पापडी उलटी करून मांडली आणि काठी घेऊन राखायला बसलो. कठड्यावर कावळे जमले. मी काठी आपटून ओरडलो, "दहाव्याला या रे! आज नाही."