गंजाला भिणारे भावजी

हिंगोलीच्या दवाखान्यात ओठ निळे पडलेले असताना माझ्या धाकट्या दिरांनी नाकातली ऑक्सिजनची नळी उपटली आणि धापा टाकत म्हणाले, "वैनी, हाच वायू माणसाला म्हातारं करून राहिला." न्यूमोनियानं छाती भरली होती. डॉक्टरीणबाई नळी लावायच्या, भावजी काढायचे. माझे मालक, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, खाटेच्या पायथ्याशी उभे राहून नुसते रडत होते.

गंजाला इतका भिणारा माणूस आमच्या औंढा तालुक्यात दुसरा झाला नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यांचं म्हणणं, श्वासातल्या ऑक्सिजनपासून अंगात मोकाट कण सुटतात, ते पेशींना धडका देतात, आणि लोखंड गंजावं तसा माणूस म्हातारा होतो. हे सगळ्यांना पटावं म्हणून पुतणीच्या लग्नात वांग्याच्या दोन फोडी मांडून बसले. एकीला लिंबू चोळलं, दुसरी उघडी. ती काळी पडेपर्यंत आचाऱ्याला भाजी फोडणीला टाकू दिली नाही. वऱ्हाड उपाशी. मग रोज आवळे खाऊ लागले, ते बरं होतं. पण पुढं नांगराच्या फाळाला लावावं तसं अंगाला तेल चोपडू लागले, आणि टेकतील ती बाज खराब. शेवटी श्वासच कमी घ्यायचं ठरवलं. जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात भाव विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत नाक दाबून उभे. भाजीवाली म्हणाली, "काहून नाक धरलं गुरुजी? माझ्या मेथीला वास येऊन राहिला का?"

पण माणूस खरा. हे कण थोडे असले तर कामाचेच, त्यांच्यावाचून पेशी वाढत नाहीत, अंगातले जंतू मरत नाहीत, हेही त्यांनीच मला चुलीपुढं बसून सांगितलं होतं. दवाखान्यात ते आठवलं. मी म्हटलं, "भावजी, ते कण जंतू मारतात म्हणता, मग त्यांना वैरण कोण घालणार? हा वायूच ना? आणि म्हातारं व्हायला आधी जित्तं राहावं लागतं. गंजा, पण जगा."

भावजींनी नळी आपल्याच हातानं नाकात घातली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "जरा बारीक सोडा." बाईंनी सोडायचा तेवढाच सोडला.

ते जगले. आता दात गेलेत, गुडघे वाजतात, आवळा ठेचून द्यावा लागतो. मालकांनी जन्मात कधी ऑक्सिजनचा विचार केला नाही; ते झोपेतच गेले. मला वैनी म्हणणारे आता हे एकच राहिलेत.